बुडालेली किल्ली

देहूच्या इंद्रायणीत बुडविलेल्या तुकोबांच्या वह्या तेरा दिवसांनी कोरड्या वर आल्या, ही कथा मराठी माणसास नव्याने सांगावयास नको. त्या वह्या अक्षरओळख असलेल्या कोणासही वाचता येण्याजोग्या होत्या. कागद वाचला, एवढ्यानेच काम भागले. आमच्या काळी तेवढ्याने भागत नाही.

२०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेस महापूर येऊन गोंदिया व भंडारा जिल्ह्यांतील नदीकाठच्या गावांत पाणी शिरले. अशाच एखाद्या पुरानंतर दवनीवाड्याकडील एका घरी काय घडेल, हे वाचकांनी क्षणभर कल्पनेने पाहावे. घरचा कर्ता पुरुष गेला आहे आणि त्याचा भिजलेला मोबाइल मागे उरला आहे. धानाचा मुलूख तो; तेव्हा मोबाइल प्रथम तांदळाच्या डब्यात जातो. पण तांदळाने आतील गंज थांबत नाही. जाणता कारागीर तो उघडतो, अल्कोहोलने धुतो, बिघडलेला भाग बदलतो. साठवणीची चिप शाबूत असली तरी ती काढून दुसऱ्या मोबाइलात बसविल्याने कार्यभाग होत नाही. कारण तीवरील मजकूर कूटबद्ध असतो, आणि त्याची किल्ली मूळ यंत्राच्या चिपेत कोरलेले गुपित व धन्याने योजिलेले अंक या दोहोंच्या मेळानेच सिद्ध होते. किल्ली २५६ बिटांची असली, तर संभाव्य किल्ल्यांची संख्या ७८ आकडी भरते. म्हणून कारागिराची सारी पराकाष्ठा तेच यंत्र एकवार जागे करण्यासाठी असते. जागे होऊनही ते एवढेच विचारते: अंक सांगा.

येथे कारागिराचे काम संपते आणि नीतीचा प्रश्न उभा राहतो. मुलास ते अंक तर्काने साधले, तर त्याने कुलूप उघडावे काय? कोणी म्हणेल, बापाचे शेत, घर, कर्ज सारे मुलाकडे येते; मग एवढेच का येऊ नये? हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. गेलेल्या पित्याचा आवाज पुन्हा ऐकण्याची लेकराची तहान ज्यास कळत नाही, त्याने नीतीच्या गोष्टी बोलूच नयेत. परंतु त्या कुलपाआड केवळ मृताचे नव्हे, तर विश्वासाने त्यास काही लिहिणाऱ्या जिवंत माणसांचेही मन ठेविलेले असते. ते मुलास कोणी दिलेले नाही. काफ्का १९२४ साली वारला. आपली हस्तलिखिते जाळावी अशी त्याची इच्छा असता त्याचा स्नेही माक्स ब्रोड याने ती छापली, आणि जगाने ब्रोडचे आभार मानले. तथापि जगास लाभ झाला, एवढ्यावरून मृतास अन्याय झाला नाही असे ठरत नाही.

आमचे मत असे की, घरची छायाचित्रे, आवाज व हिशेब हे घराचे म्हणून शोधावे. पत्रव्यवहार मिटलेलाच ठेवावा. मोठे कर्तव्य मात्र हयात माणसाचे आहे. आपल्या खात्यांतील ठेवा पश्चात कोणाच्या हाती जावा, हे नेमून ठेवण्याची सोय गूगलने २०१३ पासून व ॲपलने २०२१ पासून केली आहे. घरच्यांस चार शब्दांत सांगण्याची सोय तर पूर्वीपासूनच आहे. तुकोबांचे अभंग वह्यांत होते, तसेच ते लोकांच्या कंठातही होते. नदीने वह्या परत दिल्या नसत्या, तरी ते सर्वस्वी बुडाले नसते.