घाटाची मोजदाद

दरवर्षी १६ एप्रिल उजाडला की महाराष्ट्राला रेल्वेची आठवण होते. १८५३ सालची ती दुपार, बोरीबंदरहून सुटलेले चौदा डबे, चारशे निमंत्रित, एकवीस तोफांची सलामी आणि साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिने हा तपशील शाळेतल्या मुलांनाही पाठ असतो. त्या दिवसाचा मान कमी करण्याचे कारण नाही. पण ती गाडी गेली ठाण्यापर्यंत, म्हणजे जेमतेम एकवीस मैल. देशावर जायचे तर मध्ये सह्याद्री उभा होता, आणि तो ओलांडल्याशिवाय मुंबईच्या रेल्वेला ना पुणे गाठता येत होते, ना वऱ्हाड-खानदेशचा कापूस. पुण्याच्या बाजूची ती अडचण संपली २१ एप्रिल १८६३ रोजी, गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते बोरघाटातला मार्ग सुरू झाला तेव्हा. ही दुसरी तारीख फारशी कुणाला ठाऊक नाही. ती विसरली जाण्यामागे मोठे कारण आहे, आणि ते घाटाच्या बांधकामातच सापडते.

मधल्या काळातला प्रवास डोळ्यांसमोर आणला की घाटाचे महत्त्व कळते. १८५६ मध्ये रूळ पायथ्याच्या खोपोलीपर्यंत पोहोचले आणि १८५८ च्या जूनमध्ये वर खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली. मधला घाट मात्र तसाच राहिला. प्रवाशांनी खोपोलीला उतरायचे, पालखी, तट्टू किंवा बैलगाडी धरायची, १८३० साली बांधलेल्या सडकेने घाट चढायचा आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसायचे. मालाचेही तेच. गाडीतून उतरवलेल्या गोण्या बैलांच्या जिवावर वर जात. जवळजवळ पाच वर्षे हा प्रकार चालला.

‘ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे’ कंपनीचे मुख्य अभियंता जेम्स जॉन बर्कले यांनी आखलेला मार्ग पळसदरीपासून लोणावळ्यापर्यंत पावणेसोळा मैलांचा. तेवढ्यात गाडीला १८३१ फूट चढायचे होते. सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांना एक फूट. पंचवीस बोगदे, आठ मोठे दगडी पूल आणि सुमारे वीस लाख घनयार्ड खोदाई, त्यातला बराच भाग काळ्या कातळाचा. खंडाळ्याच्या अलीकडे तर वळण घ्यायलाही जागा नव्हती. तिथे रिव्हर्सिंग स्टेशन करून इंजिन एका टोकाचे दुसऱ्या टोकाला लावले जाई आणि गाडी उलट दिशेने पुढचा चढ चढे. १९२९ मध्ये नवा मार्ग काढून विजेची गाडी आली, तेव्हा कुठे हा खटाटोप थांबला.

आकडे वाचून काम कळत नाही. डोंगराचा उतार इतका उभा होता की बोगद्यांसाठी वरून विहिरी खणून मधूनच काम सुरू करणे जमण्यासारखे नव्हते. प्रत्येक बोगदा दोन्ही तोंडांकडूनच पुढे सरकवावा लागे. काही ठिकाणी उभे राहण्यापुरतीही जागा नसल्याने माणसांना दोरीने कड्यावरून खाली सोडत आणि लोंबकळत त्यांना सुरुंगाची भोके पाडावी लागत. पहारीने भोक पाडायचे, दारू ठासायची, वात लावायची आणि दोरी वर ओढली जाईपर्यंत वाट बघायची. फुटलेला दगड, मुरूम, माती टोपल्यांतून वाहून नेणाऱ्यांत बाया आणि पोरेही होती. सारी बिऱ्हाडेच कामावर येत, घाटातल्या झोपड्यांत राहत आणि पावसाळा लागला की गावाकडे परतत. १८६१ साली या कामावरच्या माणसांची संख्या बेचाळीस हजारांवर गेली होती. त्यांत दहा हजारांहून अधिक लोक निव्वळ दगडाला भोके पाडणारे होते. एका डोंगरउतारावर अख्ख्या शहराएवढी वस्ती, आणि तिच्या पिण्याच्या पाण्याचा आणि मैल्याचा धड बंदोबस्त नाही!

हे सगळे लोक नेमके कुणाचे नोकर होते? कंपनीचे नव्हते. कंपनीने काम दिले होते विल्यम फेव्हिएल या इंग्रज कंत्राटदाराला. त्याने त्याचे तुकडे पाडून लहान युरोपीय उपकंत्राटदारांना वाटले. त्यांच्याखाली मुकादम, आणि मुकादमाच्या हाताखाली वडार, महार, मांग, कुणबी अशा जातींतली माणसे. लंडनहून निघालेला पैसा इतक्या हातांतून खाली झिरपायचा होता. तो वाटेतच अडू लागला. मजुरी थकली, कापली गेली, आणि जानेवारी १८५९ मध्ये मजुरांनी युरोपीय देखरेखवाल्यांवर हल्ला केला. सरकारला चौकशी करावी लागली. मार्चमध्ये फेव्हिएलने काम सोडले.

या उठावाचे पडसाद पार कायद्यापर्यंत उमटले. १८६० साली मालक आणि कामगार यांच्यातल्या तंट्यांविषयी कायदा झाला आणि रेल्वे, कालवे यांसारख्या कामांवरच्या मजुरीच्या तक्रारी झटपट निकालात काढण्याचे अधिकार मॅजिस्ट्रेटना मिळाले. हिंदुस्थानात कामगार चळवळ गिरण्यांबरोबर आली असे मानण्याची सवय आहे. मुंबईची पहिली कापडगिरणी १८५६ साली सुरू झाली होती, पण मजुरीच्या प्रश्नावर सरकारला हलवून दाखवले ते त्याच दशकातल्या या घाटातल्या लोकांनी. एकाचेही नाव आज घेता येत नाही. महाराष्ट्राच्या कामगार इतिहासात त्यांची जागा पहिल्या पानावर असायला हवी.

पुढचे कंत्राट सॉलोमन ट्रेडवेल याला मिळाले. १८५९ च्या उत्तरार्धात तो इथे आला आणि वर्ष सरायच्या आत आजारपणाने वारला. त्याची पत्नी अ‍ॅलिस मागे हटली नाही. कंत्राट तिने आपल्याकडे घेतले, अ‍ॅडमसन आणि क्लाउझर या दोन अभियंत्यांवर रोजचे काम सोपवले आणि घाट पुरा केला. कामाची छायाचित्रेही तिच्या नावावर आहेत. अलीकडे तिच्याविषयी आवर्जून लिहिले जाते, ते योग्यच आहे. व्हिक्टोरियन काळातल्या एका विधवेने असे काम तडीस नेणे ही सामान्य गोष्ट नव्हती. पण ज्या हवा-पाण्याने कंत्राटदाराचा बळी घेतला, तेच हवा-पाणी झोपड्यांतल्या हजारोंच्या वाट्याला आले होते. सॉलोमनच्या मृत्यूची तारीख पुस्तकांत मिळते. तळावर पटकीची साथ आली तेव्हा एकेका रात्रीत किती माणसे गेली, याची तारीखवार नोंद नाही.

काही इतिहासकार घाटात मेलेल्यांचा आकडा पंचवीस हजारांच्या आसपास धरतात. हा अंदाज आहे, मोजदाद नव्हे. अंदाज करावा लागतो हीच खरी चीड आणणारी गोष्ट. खोदाई घनयार्डात मोजली, चढ फुटांत मोजला, बोगद्यांची एकूण लांबी यार्डायार्डाने लिहून ठेवली. जुलै १८६७ मध्ये घाटातला एक मोठा दगडी पूल कोसळला, तेव्हा बांधकामाच्या दर्जाची कसून चौकशी झाली. हिशेब ठेवण्याची ऐपत होती, माणसे होती, शिस्तही होती. मग माणसांचाच हिशेब का राहिला?

उत्तर भांडवलाच्या रचनेत आहे. ऑगस्ट १८४९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने रेल्वे कंपनीशी करार केला. जमीन फुकट, आणि गुंतवलेल्या भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी. रेल्वेला नफा झाला नाही तर तूट हिंदुस्थानच्या महसुलातून भरून निघणार होती. त्यामुळे खर्च झालेला प्रत्येक पौंड वहीत चढणे भागधारकाच्या हिताचे होते, कारण त्यावर व्याज मिळत होते. विल्यम मॅसी या माजी अर्थसदस्याने १८७२ साली ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे स्पष्टच सांगितले की हमी मिळालेल्या इंग्रज भांडवलदाराला त्याचा पैसा विटा-चुन्यात गेला काय किंवा हुगळीत फेकला गेला काय, सारखेच होते. मजूर मात्र या वहीत कुठेच बसत नव्हता. तो कंत्राटदाराच्या उपकंत्राटदाराच्या मुकादमाचा माणूस. तो मेला तर कंपनी काही देणे लागत नव्हती, आणि जिथे देणे नाही तिथे नोंदही नाही. ज्या साखळीत मजुरी अडकली, त्याच साखळीत मृत्यूही बेपत्ता झाले.

म्हणूनच रेल्वेला इंग्रजांची देणगी म्हणणे पटत नाही. आराखडा त्यांचा, इंजिने आणि रूळ त्यांच्या कारखान्यांतले, आणि बर्कले यांच्या कौशल्याला तोड नाही. पण व्याजाची जबाबदारी इथल्या शेतसाऱ्यावर होती आणि कातळ फोडणारे हात इथले होते. दादाभाई नौरोजींनी आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकातून गणेश व्यंकटेश जोशी यांनी पैशाची ही बाजू एकोणिसाव्या शतकातच मांडली. श्रमाची बाजू मांडायला फार उशीर झाला. इतिहासकार इयान केर यांचे ‘बिल्डिंग द रेल्वेज ऑफ द राज’ हे पुस्तक आले १९९५ साली.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. पटकीने त्या काळी गावोगाव माणसे मरत, त्याचा दोष रेल्वेला कसा द्यायचा? साथ रेल्वेने आणली नाही हे खरे. पण हजारो माणसांना उतारावर, अपुऱ्या पाण्यावर, दाटीवाटीने वसवले ते कामानेच. आणि दोष कुणाचा हे ठरवायच्या आधीची पायरी असते मोजण्याची. तीच इथे गाळली गेली.

काळ बदलला की मोजण्याची रीतही बदलते, याचा पुरावा शेजारच्याच मार्गावर मिळतो. रोहा ते मंगळूर हा कोकण रेल्वेचा मार्ग १९९८ साली पूर्ण झाला. तोही सह्याद्रीच्या अंगाने, बोगदे आणि पूल करीत गेलेला. त्या बांधकामात ७४ जणांचा जीव गेला. हा आकडा माहीत आहे, आणि रत्नागिरीला त्यांच्यासाठी श्रमशक्ती स्मारक उभे आहे. मुंबईत जुन्या व्हिक्टोरिया टर्मिनसच्या दर्शनी भागावर जगन्नाथ शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभॉय यांचे मुखवटे आहेत, गव्हर्नरांचे आहेत. बोरघाटाच्या मजुरांसाठी तशा तोलामोलाचे काहीच नाही.

आज घाट उतरणारी गाडी मंकी हिल, ठाकूरवाडी, जांबरुंग अशा ठिकाणी ब्रेकच्या चाचणीसाठी थांबते. तिथे कॅच साइडिंगची सोय आहे. ब्रेक न लागलेली गाडी चढाच्या फाट्यावर वळून आपोआप थांबावी, म्हणून सांधे आधीपासून त्या बाजूलाच लावलेले असतात. गाडी ताब्यात आहे याची खात्री पटली की मगच मुख्य मार्ग खुला होतो. पावसाळ्यापूर्वी हिल गँगची माणसे दोऱ्या बांधून कड्यावर चढतात आणि सैल झालेल्या दरडी स्वतः पाडून टाकतात. प्रवासी खिडकीतून धबधबे पाहत असतात. त्यांच्या बाजूला बोगद्याची भिंत येते तेव्हा तिच्यावर हाताने पाडलेल्या खाचा असू शकतात, हे त्यांना सांगणारा साधा फलकही दिसत नाही.

फलक लावणे सोपे आहे आणि तो लागायलाच हवा. त्याहून निकडीचे काम मुंबईतल्या राज्य पुराभिलेखागारात आहे. सार्वजनिक बांधकाम खात्याचे रेल्वेविषयक दप्तर तिथे ठेवलेले आहे आणि मजुरांच्या तक्रारींचा माग त्यातूनच काढता येतो. आजवर त्याचा उपयोग मुख्यतः इंग्रजीत लिहिणाऱ्या संशोधकांनी केला. १८५९ च्या चौकशीचे कागद टिपांसह मराठीत छापले गेले, तर त्या वर्षी घाटावर कुठल्या तालुक्यांतून माणसे आली होती, त्यांना किती मजुरी कबूल झाली होती आणि किती मिळाली, याचा शोध मावळात आणि कर्जत-खालापूरच्या गावांत जाऊन घेता येईल. विद्यापीठांच्या इतिहास विभागांना हे काम परवडण्याजोगे आहे, आणि १६ एप्रिलच्या सोहळ्यांवर होणाऱ्या खर्चातला थोडा वाटा रेल्वे प्रशासनानेही त्यासाठी द्यावा.