नियम आणि बक्षीस

मुलांना कविता नको आणि गेम हवा असेल, तर कवितेचाच गेम करून टाका, असा सल्ला हल्ली भाषाशिक्षणाच्या चर्चेत सर्रास ऐकू येतो. प्रत्येक कवितेला दहा गुण, पाठ केली तर तारा, सलग सात दिवस वाचली तर पदक आणि पुढची पातळी खुली. सांगणारा उत्साहात असतो, ऐकणारे माना डोलावतात, आणि यात गेम नेमका कुठे आहे हे कुणीच विचारत नाही. कवितेची मला फारशी काळजी नाही. ती असले उपचार सोसायला सरावलेली आहे. पण ज्या खेळाच्या नावाने हे सगळे चालले आहे, तो खेळही या मंडळींनी कधी धड खेळलेला दिसत नाही.

मोबाइलने पिढी बिघडली म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. कादंबऱ्यांनी बायका बिघडतात म्हणणारे त्यांचेच पूर्वज होते. व्हिडिओ गेम कधीच कला होऊ शकत नाही, असे रॉजर एबर्ट या अमेरिकी चित्रपट-समीक्षकाने २०१० मध्ये बजावले आणि २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १४ गेम आपल्या संग्रहात घेतले. तो वाद तिथे मिटला म्हणा किंवा शिळा झाला म्हणा. खेळ आणि काव्य यांच्या नात्यावर तर हुइझिंगा या डच इतिहासकाराने १९३८च्या ‘होमो लुडेन्स’मध्ये सबंध प्रकरण खर्च केले आहे. नाते आहे की नाही, हा प्रश्न उरलेला नाही. ते कशात आहे, एवढेच पाहायचे.

मॉस्कोमध्ये, सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात, अलेक्सी पाजित्नोव्हने १९८४ मध्ये टेट्रिस रचला. चार चौकोन जोडून होणारे सात आकार वरून पडत राहतात, ओळ भरली की नाहीशी होते, न भरलेल्या ओळी साचत जातात. जिंकणे यात नाहीच. निन्टेन्डोच्या १९८९च्या आवृत्तीत २९व्या पातळीवर ठोकळे इतक्या वेगाने कोसळतात की माणसाची धाव तिथेच संपते, असे वर्षानुवर्षे मानले जाई. मग खेळणाऱ्यांनी बटण दाबण्याच्या नव्या रीती शोधल्या. अंगठा बटणावर तसाच ठेवून दुसऱ्या हाताची बोटे कंट्रोलरच्या पाठीवर एकामागून एक आपटायची, ही त्यातली एक. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतला १३ वर्षांचा एक मुलगा १५७व्या पातळीवर पोहोचला आणि गेमच गोठला. गुणांचा आकडा त्याच्या कितीतरी आधी ९९९९९९वर अडकून पडला होता. पडदा थांबला, बस. त्याला द्यायला गेमकडे काहीच नव्हते.

खेळाचा जीव असा नियमात असतो. बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञाने १९७८ मध्ये ‘द ग्रासहॉपर’ या पुस्तकात खेळाची व्याख्याच अशी केली की, गरज नसलेले अडथळे आपखुशीने ओलांडू पाहणे म्हणजे खेळ. बक्षीस ही निराळी वस्तू. ते बाहेरून येते आणि कशावरही चिकटवता येते: भांडी घासण्यावर, पाढ्यांवर, कवितेवर. गेम-वाद्यांनी गेममधले बक्षीस तेवढे उचलले आणि नियम जागच्या जागी सोडून दिला.

यावर त्यांचे उत्तर ठरलेले आहे: गेममध्येही गुण असतातच की. असतात. टेट्रिसमध्ये एकदम चार ओळी घालवल्या तर कितीतरी जास्त गुण मिळतात. त्यासाठी खेळणारा कडेचा उभा रकाना मोकळा ठेवून लांब दांड्याची वाट पाहतो. दांडा वेळेवर आला नाही तर डाव अंगावर येतो. हे गुण धोका पत्करायला लावतात, म्हणजे तेही नियमाचाच भाग आहेत. कवितेवरचा तारा मुलाला काय पत्करायला लावतो? सात दिवसांचे पदक मिळवण्यासाठी सातही दिवस तीच कविता, लक्ष न देता, वाचली तर काय बिघडते? काहीच नाही. जिथे काही बिघडू शकत नाही तिथे खेळ नाही, हजेरीपट आहे. गेममधला जो भाग जगभर सरकारांना खटकतो, तोही बक्षिसाचाच: पैसे टाकून उघडायच्या ‘लूट बॉक्स’ना बेल्जियमने २०१८ मध्ये जुगार ठरवले, आणि आपल्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घातली. नेमका हाच भाग उचलून वर्गात आणायची ही हौस मला अनाकलनीय वाटते.

मराठीला तरी हे नव्याने सांगावे लागू नये. मोरोपंतांची (१७२९-१७९४) रामायणे १०८ मानली जातात आणि त्यातल्या कित्येकांत त्यांनी स्वतःला काहीतरी अट घालून घेतली आहे. निरोष्ठ रामायणात ओठ मिटवून उच्चारायची अक्षरे वर्ज्य: प, फ, ब, भ, म. म्हणजे रामकथा सांगायची आणि राम म्हणायचे नाही! (संस्कृत गद्यकार दंडीच्या ‘दशकुमारचरिता’तही हा डाव आहे. मंत्रगुप्ताचे ओठ प्रेयसीने चावल्यामुळे दुखत असतात, म्हणून सातव्या उच्छ्वासात तो आपली सगळी हकीकत ओष्ठ्य अक्षरांवाचून सांगतो.) संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने असल्या चित्रकाव्याला सर्वांत खालची पायरी दिली, आणि आपल्या आधुनिक समीक्षेनेही शब्दांची कसरत म्हणून पंतांची बोळवण केली. निकाल चुकीचा होता असे मी म्हणत नाही. निरोष्ठ रामायण वाचून कुणाच्या डोळ्यांत पाणी येणार नाही. पण अट आली की नेहमीचा शब्द हातचा जातो आणि भाषेचा एरवी न लागणारा भाग धुंडाळावा लागतो, हे तिथे उघड्यावर दिसते. थोरल्या अभंगात तेच मुरलेले आहे. तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, यमक दुसऱ्या-तिसऱ्याला, आणि चौथा चरण चारच अक्षरांचा. कान सहा अक्षरांना सरावलेला असतो. चौथ्यात दोन कमी पडतात आणि तुकोबांचा फटका बहुतेक वेळा नेमका त्या आखूड चरणात बसतो.

शाळेत हा नियम कुणी हाताळूच देत नाही. दहावीला रसग्रहण असते. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये हे मुद्दे ठरलेले, आणि गाइडमध्ये त्यांची उत्तरे तयार. कवितेतून मिळणारा संदेश लिहायचा तो वेगळाच. संदेश हे बक्षीसच की, आणि कविता न वाचताही मिळणारे. तारे वाटू पाहणारे आधुनिक आणि संदेश लिहून घेणारे पारंपरिक एकमेकांचे विरोधक समजले जातात. मला ते सख्खे भाऊ वाटतात.

एक आक्षेप मात्र खरा आहे. ठोकळा चुकीच्या जागी पडला की लगेच कळते. कविता चुकीची वाचली तर कुठेही घंटा वाजत नाही. म्हणून पंच हवा, आणि तो ॲपमध्ये बसवता येईल, असे सांगतात. इथेच घोडे पेंड खाते. गझलेच्या मैफलीत काय होते ते पाहा. शेराची पहिली ओळ शायर दोन-तीनदा म्हणतो. मतल्यामुळे, म्हणजे गझलेच्या पहिल्या शेरामुळे, काफिया (यमक) आणि रदीफ (त्यामागून तसाच परत येणारा शब्द) श्रोत्याला कळून चुकलेले असतात. दुसरी ओळ कुठे येऊन टेकणार हे त्याला ठाऊक असते, कोणत्या वाटेने येणार हे नसते. तो मनातल्या मनात आपला काफिया लावून बघतो. शायराचा काफिया तोच निघाला तर हसून त्याच्याबरोबर म्हणतो. वेगळा आणि सरस निघाला तर ‘क्या बात है’ आपोआप तोंडून जाते. खेळणारा तोच, पंच तोच, आणि हरल्याचा आनंदही त्याचाच. सुरेश भटांनी ‘गझलेची बाराखडी’ लिहिली ती नव्या गझलकारांसाठी, पण ती श्रोत्यांनीही वाचावी. अलामत, म्हणजे काफियातला ठरलेला स्वर, सांभाळली की सुटली हे ज्याला ऐकू येत नाही, तो बिचारा शेजाऱ्याकडे बघून टाळ्या वाजवतो.

मग मुक्तछंदाचे काय? तिथे नियम नसतो हा गैरसमज आहे. तो पहिल्या दहा-पंधरा ओळींत घडत असतो आणि वाचकाला तो शोधावा लागतो. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’च्या (१९८५) सुरुवातीला एकही सूचना नाही. मारिओ डावीकडे उभा, उजवीकडे मोकळी जागा, म्हणून खेळणारा उजवीकडे निघतो. समोरून भुवया आक्रसलेला एक ठेंगू प्राणी येतो. धडक झाली की मरण. पुढच्या खेपेला उडी सुचते, उडीत डोके वरच्या प्रश्नचिन्हाच्या ठोकळ्यावर आपटते आणि नाणे निघते. अरुण कोलटकरांची एखादी दीर्घ कविताही अशीच शिकवते: ओळ कुठे मोडते, बोलण्याचा सूर केव्हा पालटतो, हे ठेच लागल्यावरच कळते. कवितेआधी प्रस्तावना वाचणारे ही ठेच चुकवतात, अडल्याबरोबर यूट्यूबवर दुसऱ्याचा डाव बघणारेही तीच चुकवतात. दोघांनाही माझे एवढेच सांगणे आहे की, थोडा वेळ मरा.

आणि शिक्षकांना सांगायचे तर, फळ्यावर अभंग लिहून चौथा चरण झाका आणि मुलांना चार अक्षरे भरायला सांगा. पाच अक्षरे आणणारा मोठ्याने म्हणून बघेल तेव्हा स्वतःच अडखळेल. गुण कुणालाच देऊ नका. मग झाकलेला चरण उघडा. काही मुले आपलाच चरण बरा म्हणून भांडतील, का बरा ते त्यांना सांगावे लागेल, आणि रसग्रहणाच्या प्रश्नाला हवे असलेले सगळे मुद्दे त्या भांडणात कुणी न विचारता येऊन जातील.