शिकावयास गेलेल्यानें काय सोडावें?

अंबड तालुक्यांतील एखादा तरुण धर्मशिक्षणासाठीं परदेशीं निघाला, तर निरोप देतांना मंडळी त्याला काय सांगतील? “थोरांचें ऐक, उलट बोलूं नको,” असें आई म्हणेल. उपदेशकही तेंच म्हणतील. उपदेश चांगला आहे. पण तो कोठपर्यंत पाळावा हें कोणी सांगत नाहीं, आणि तिकडे गेल्यावर त्याला नेमकें हेंच कोडें पडतें.

मॉर्मन लोकांकडे पाहा. त्यांचें मत आम्हांस मान्य नाहीं, तरी त्यांच्या तरुणांची शिस्त विचार करण्याजोगी आहे. अठरा वर्षांचे मुलगे दोन वर्षांसाठीं घर सोडतात, व तो खर्च बहुधा स्वतः किंवा घरचे सोसतात. अमेरिकेंतील युटा प्रांतांत प्रोव्हो येथें त्यांचें मोठें शिक्षणकेंद्र आहे. सोबत्यावांचून कोठें जावयाचें नाहीं, असा त्यांचा नियम. 2019 पर्यंत त्यांस घरीं फोन करण्याची मोकळीक साधारणतः वर्षांतून दोनदांच, नाताळांत व मातृदिनीं, असे. त्या सालीं दर आठवड्यास बोलण्याची परवानगी मिळाली. आईशीं बोलल्यानें सेवेंत खंड पडतो असें आम्हांस कधींच वाटलें नाहीं.

परंतु आपल्याच भाषेंतील एक उदाहरण याहून बोलकें आहे. पंडिता रमाबाई 1883 सालीं इंग्लंडांत गेल्या तेव्हां त्यांचें वय 25 वर्षांचें, व सोबत दोन वर्षांची मनोरमा. वैद्यकी शिकावी हा हेतु होता. पण कानांनीं कमी ऐकूं येत असल्यामुळें तो बेत राहिला. वाँटेज येथील मठांतल्या भगिनींनीं त्यांस आश्रय दिला. 29 सप्टेंबर 1883 रोजीं मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. पुढें चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजांत रमाबाई स्वतः शिकत व संस्कृत शिकवीत. सिस्टर जेराल्डीन ह्या त्यांच्या धर्ममाता. त्यांस त्या “आजीबाई” म्हणत. माया खरी होती, म्हणूनच वाद अवघड झाला.

खटके लहानसान गोष्टींवरून उडत. रमाबाई मांस खात नसत. अंडें घातलेलें पक्वान्नही त्यांस नको असे. क्रुसावर लॅटिन अक्षरें कां, संस्कृत कां नकोत, असें त्यांनीं विचारलें. त्रैक्याचें मत केवळ मंडळी सांगते म्हणून त्यांनीं पत्करलें नाहीं. पुरुषांस शिकविण्याची गोष्ट निघाली, तेव्हां हिंदुस्थानांतील बिशपांनीं ती अयोग्य ठरविली. याचाही त्यांस विषाद वाटला.

जेराल्डीनबाईंस यांत गर्व दिसला. हा आरोप आम्ही सहज झटकून टाकणार नाहीं. ज्यांच्या आजोबांस पाणवठ्यावर उभें राहूं दिलें नाहीं, त्या आमच्या वाचकांस ब्राह्मण घरांतून आलेल्या बाईच्या ताटाविषयीं शंका आली तर नवल नाहीं. न खाणें दयेनें आहे, संवयीनें आहे कीं जातीच्या अभिमानानें, हें बाहेरून ओळखतां येत नाहीं. कित्येकदां ज्याचें त्यासही कळत नाहीं. शिवाय न्याय सगळीकडे सारखा नसतो. जालन्याजवळ बेथेल वसविणारे रेव्ह. नारायण शेषाद्री 1873 सालीं न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेंत पागोटें घालूनच उभे राहिले. पण ते पाहुणे होते. पाहुण्याचें पागोटें कौतुकाचें, विद्यार्थ्याचें मात्र हट्टाचें ठरतें.

आम्हांस वाटतें तें असें. पहांटे उठणें, भांडीं घासणें, नेमलेला पाठ करणें, यांविषयींची आज्ञा निमूट पाळावी. त्यानें अंगाला वळण लागतें. परंतु जें अजून खरें वाटत नाहीं तें खरें म्हण, अशी आज्ञा असेल, तर ती पाळणें ही नम्रता नव्हे, खोटी साक्ष होय. “मला अजून पटलें नाहीं” म्हणण्यास शिष्याला धैर्य लागतें, व तें शांतपणें ऐकण्यास गुरूला अधिक.

मग हट्ट व विवेक वेगळे कसे करावे? राखलेली गोष्ट पुढें कोणाच्या उपयोगीं पडली, हें पाहावें; पण त्यास वर्षें लागतात. संस्कृत अक्षरांचा आग्रह धरतांना एक गोष्ट राहिलीच होती: शेतांत खुरपणाऱ्या बाईला लॅटिन कळत नाहीं, तसें संस्कृत तरी कोठें कळतें? ही चूक रमाबाईंनीं स्वतःच सुधारली. केडगांवच्या मुक्तीमध्यें दुष्काळांत सांपडलेल्या निरनिराळ्या जातींच्या मुली त्यांच्याभोंवतीं जमल्या. त्यांच्यासारख्यांस वाचतां यावें म्हणून त्या कित्येक वर्षें सोप्या मराठींत पवित्र शास्त्राचें भाषांतर करीत बसल्या. 1922 सालीं त्या वारल्या. संपूर्ण शास्त्र 1924 सालीं प्रसिद्ध झालें, व तें छापण्याचें काम मुक्तींतल्या स्त्रियांनींच केलें.