पुराव्याचे ओझे कोणी वाहावे?

अमेरिकेत 1990 साली सुरू झालेल्या आणि संघराज्याच्या निधीतून राज्य सरकारे चालवत असलेल्या बालसंगोपन साहाय्य योजनेविषयी, म्हणजे कमी उत्पन्नाचे आईवडील कामावर वा शिक्षणात असताना त्यांच्या मुलांच्या पाळणाघराचा बराचसा खर्च शासनाने उचलण्याच्या व्यवस्थेविषयी, पूर्वपक्ष असा मांडला जातो : “पैसा जनतेचा आहे, तेव्हा उत्पन्नाचे, नोकरीचे आणि वास्तव्याचे पुरावे मागणे हे शासनाचे कर्तव्यच ठरते, आणि नियम तर सर्वांना एकच आहे.”

उत्तरपक्ष हे कर्तव्य नाकारत नाही. “नियम एक असला, तरी त्याचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक देशांत मुळे असलेल्या, कुटुंबातील जी आई घरोघरी सफाई करून रोख मजुरी घेते, तिच्याजवळ पगाराची पावती नसते. मालकिणीकडे दाखला मागावा तर काम जाण्याची भीती, न मागावा तर अर्ज अपुरा. स्पॅनिश रीतीने मुलाला वडिलांचे आणि आईचे अशी दोन आडनावे असतात. जन्मदाखल्यावर दोन आणि लसीकरणाच्या नोंदीवर एकच दिसले, की नावे जुळत नाहीत म्हणून कागद परत येऊ शकतो. येथे खोटे कोण बोलले?”

“पण चौकशी सैल केली, तर अपात्र माणसेही लाभ घेतील.”

“काही घेतीलही, परंतु अपात्राला दिलेला डॉलर हिशेबतपासणीत सापडतो, आणि पात्र असूनही दारातून परतलेले मूल कोणत्याच वहीत चढत नाही. जी व्यवस्था एकाच चुकीची मोजदाद ठेवते, ती त्या चुकीच्या धास्तीने दार अधिकाधिक अरुंद करत जाते. संघराज्याच्या मार्गदर्शनानुसार नागरिकत्वाचा निकष केवळ मुलाला लागतो आणि पालकाचा सामाजिक सुरक्षा क्रमांक सक्तीचा नाही. तरीही अर्जावर त्या क्रमांकाचा रकाना पाहूनच देशातील वास्तव्याची कागदपत्रे नसलेली आई अर्ज मिटून ठेवते.”

“मग हे अर्जदाराचे अज्ञान झाले.”

“रकान्याशेजारी ‘ऐच्छिक’ हा शब्द स्पॅनिशमध्ये छापण्याचे काम अर्जदाराचे नाही.”

पूर्वपक्षाची एक अडचण मात्र खरीच उरते, ती अशी की रोख मजुरी बहुधा कोणत्याच सरकारी नोंदीत नसते. अशा वेळी आईचे स्वतःचे लेखी निवेदन ग्राह्य धरून मदत सुरू करावी आणि निवडक प्रकरणे मागाहून तपासावीत, हाच मार्ग न्याय्य आहे. एकदा पात्र ठरलेल्या मुलाची मदत किमान 12 महिने चालू ठेवण्याचे तत्त्व 2014 च्या कायद्याने मान्य केलेलेच आहे. तोच विश्वास अर्जाच्या पहिल्या दिवशीही दाखवला पाहिजे, कारण नोकरी उद्या सकाळी सुरू होते आणि पाळणाघरातील जागा त्याआधीच हवी असते.