मानेच्या खळगीपाशी

पाठ टेकून बसा. मान वळवायची नाही, वाकवायची नाही. एक हात मागे न्या आणि कवटी संपून मान सुरू होते तिथल्या खळगीवर बोटं नुसती टेकवा. दाबू नका.

बोटांच्या आत, स्नायूंच्या पलीकडे, कवटीच्या तळाला एक मोठं भोक आहे. मेंदूतून निघालेला मज्जारज्जू तिथून पाठीच्या कण्यात उतरतो. त्याच्याभोवती नितळ पाणी असतं. मेंदू आणि कणा मिळून साधारण १५० मिलिलिटर, पण शरीर दिवसाकाठी अर्धा लिटर नवं तयार करतं आणि जुनं रक्तात मुरतं. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी हे पाणी त्या भोकातून थोडं खाली सरकतं, पुन्हा वर येतं. आत्ताही सरकतंय. काही ठोके त्याच्यासोबत राहा.

हान्स कियारी या ऑस्ट्रियन पॅथॉलॉजिस्टने १८९१ साली प्रागमधून लिहिलं, की काही शवांमध्ये छोट्या मेंदूची खालची टोकं या भोकातून उतरलेली दिसतात. त्या टोकांना टॉन्सिल म्हणतात. घशातल्या टॉन्सिलशी त्यांचा संबंध नाही, पण रिपोर्ट वाचताना घरातली माणसं इथे हमखास अडखळतात. ५ मिलिमीटर किंवा जास्त उतरलं तर त्याच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या विकाराचा, कियारीचा, पहिला प्रकार, असा ढोबळ हिशेब. तेवढं उतरूनही काहीच त्रास नसलेली माणसं पुष्कळ आहेत. म्हणून तो आकडा मुठीत घट्ट धरू नका.

आता खोकल्याची आठवण काढा, खोकू नका. खोकताना, शिंकताना, खदखदून हसताना डोक्यातला दाब वाढतो आणि पाण्याला खाली जायची वाट हवी असते. उतरलेल्या टॉन्सिलनी ती अडवली, की डोक्याच्या मागच्या बाजूला कळ येते, बहुधा थोडा वेळच. पुढची बरीचशी दुखणी याच अडलेल्या वाटेवर भेटतात.

त्यातलं एक सावकाश पाहू. अडलेल्या पाण्यामुळे मज्जारज्जूच्याच आत पोकळी तयार होते आणि ती पाण्याने भरते. सिरिंगोमायेलिया. अशी व्यक्ती पोळी उलटतेय असं समजा. बोट तव्याच्या कडेला लागतं. लागल्याचं कळतं, चटका कळत नाही. फोड आल्यावर लक्षात येतं. वेदना आणि उष्णता सांगणारे तंतू मज्जारज्जूच्या मधोमध एका बाजूकडून दुसरीकडे जातात. पोकळी बहुतेकदा तिथेच वाढते. स्पर्शाचे तंतू मागच्या बाजूने सरळ वर जातात, म्हणून ते वाचतात. खांद्यांवर शाल घ्यावी तेवढा भाग असा अर्धा जागा, अर्धा झोपलेला. न दुखणारी जखम हेही लक्षणच आहे, हे मनात नीट बसू द्या.

लहान मुलांमध्ये हीच पोकळी कधी कण्याच्या वळणातून दिसते. गणवेशाची बटणं लावताना आईला वाटतं, याचा एक खांदा वर आहे. छातीच्या भागातला बाक डावीकडे असेल तर डॉक्टर बहुधा एमआरआय करायला सांगतात, कारण साध्या बाकाचा कल सहसा उजवीकडे असतो. कोवळ्या वयात शस्त्रक्रियेने त्या भोकापाशी जागा करून दिली, तर बाक कधी थांबतो, कधी कमीही होतो.

कियारीच्या दुसऱ्या प्रकाराची गोष्ट जन्माआधीची. पाठीचा कणा नीट न मिटलेलं बाळ, म्हणजे स्पायना बिफिडा, आणि त्याच्यासोबत अनेकदा डोक्यात साठणारं पाणी. गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक ॲसिड घेतलं तर कणा उघडा राहण्याचा धोका कमी होतो.

आता हात खाली घ्या, मांडीवर ठेवा. सोबत आढळलेलं सगळं कियारीने आणलेलं नसतं. कधी तर कियारीसारखं दिसणारंही कियारी नसतं: कुठेतरी पाणी गळून मेंदू खाली बसतो आणि एमआरआयवर हुबेहूब कियारी दिसतो. तिथे गळती शोधायची असते, कवटी कापायची नसते. मुंबईच्या केईएम रुग्णालयात दीर्घकाळ काम केलेले न्यूरोसर्जन डॉ. अतुल गोयल यांची मांडणी तर अशी, की मूळ दोष मानेच्या पहिल्या दोन मणक्यांमधल्या डळमळीत सांध्यात आहे आणि टॉन्सिल उतरणं हा परिणाम. सर्वांना ती पटलेली नाही. मला मात्र असा वाद चालू राहणं चांगलं वाटतं. निदान ‘तुम्हाला कियारी आहे’ म्हणून फाइल मिटत नाही.

झोपेचंही पाहा. श्वासाची लय राखणारा भाग आणि घशाच्या नसा या भोकाच्या शेजारीच आहेत. रात्री श्वास मध्येच थांबतो हे झोपलेल्याला कळत नाही, शेजारच्याला कळतं. डॉक्टरांकडे जाताना त्या शेजारच्या माणसाला बरोबर न्या.

काहींचे सांधे जन्मतःच फार सैल असतात, त्यामागे कधी एहलर्स-डॅनलॉस हा आजार असतो. काहींची नाडी उभं राहताच धावू लागते, त्याला पॉट्स म्हणतात. कियारीशी त्यांचं नातं किती खरं, यावर अजून एकमत नाही. पण उभं राहताना तुम्हाला भोवळ येत असेल, तर आता एकदम उठू नका. आधी पावलं वरखाली हलवा, पोटऱ्या आवळा-सोडा, खुर्चीच्या हातांना धरा. मग उठा.