केर कुणी काढला?

आजाऱ्याच्या भेटीला जाणं हे आमच्या ज्यू धर्मात सौजन्य नव्हे, कर्तव्य आहे. ‘बिकुर होलिम’ म्हणतात त्याला. मी ठाण्याची बेने इस्राएल, सारी नोकरी परिचारिकेची. तलमूद या आमच्या धर्मग्रंथाच्या नेदारीम या भागातली रब्बी अकिवांची गोष्ट वाचताना माझं मन दरवेळी केरसुणीपाशी अडतं.

अकिवांचा एक शिष्य आजारी पडला. विद्वानांपैकी कुणीही त्याच्याकडे फिरकलं नाही. अकिवा स्वतः गेले. ते आले म्हणून खोली झाडली गेली, जमिनीवर पाणी शिंपडलं गेलं, आणि शिष्य वाचला. बाहेर येऊन अकिवांनी शिकवलं, की आजाऱ्याला न भेटणारा जणू रक्त सांडतो.

केर काढायला अकिवांनी सांगितलं, की थोर पाहुणा आल्यावर घरच्यांची धावपळ झाली, याबद्दल एकमत नाही. मला दुसरा अर्थ खरा वाटतो. ज्या खाटेपाशी कुणी येतं-जातं, तिथली चादर वेळेवर बदलली जाते. ज्याचं कुणीच येत नाही, त्याच्या हाकेला उशीर होतो. हे मी वॉर्डात वर्षानुवर्षं पाहिलंय. असा उशीर जिवावर बेततो. म्हणून अकिवांच्या बोलण्यात मला अतिशयोक्ती दिसत नाही.

नेदारीममध्येच असंही म्हटलंय, की भेटायला येणारा दुखण्याचा साठावा हिस्सा घेऊन जातो. मग साठ जण पाठवा की, असा प्रश्नही लगेच येतो. उत्तर असं, की प्रत्येक जण उरलेल्याचा साठावा हिस्सा नेतो. म्हणजे साठ जण येऊन गेले तरी एक तृतीयांशाहून जास्त दुखणं उरतंच! ते ज्याचं त्यालाच सोसावं लागतं. हे इतकं स्पष्ट मांडणाऱ्यांबद्दल मला फार आदर वाटतो.

भेटीच्या वेळेचा नियमही रुग्णाजवळ बसलेल्या माणसानंच केला असावा. दिवसाच्या पहिल्या तीन तासांत जाऊ नये: तेव्हा उतार वाटतो, प्रार्थनेची निकड जाणवत नाही. शेवटच्या तीन तासांतही नको: तेव्हा रुग्ण इतका खचलेला असतो, की येणाऱ्याचीच आशा सुटते. आणि प्रार्थना तर हवीच. मध्ययुगातले धर्मपंडित रामबान म्हणतात, प्रार्थनेवाचून भेट पुरी होत नाही.

माझी धाकटी बहीण इस्राएलमध्ये अश्दोदला असते, अंथरुणाला खिळलेली. विसाव्या शतकातले रब्बी मोशे फाइनस्टाइन यांनी निर्णय दिलाय, की फोननं कर्तव्याचा काही भाग पार पडतो, सगळा नाही. पण ज्याला जाणं शक्य नाही त्यानं तेवढं तरी करावं. म्हणून मी व्हिडिओ कॉल करते. तब्येत विचारून झाली, तिच्यासाठी प्रार्थना म्हणून झाली, की भाचीला फोन खोलीभर फिरवायला सांगते. पाण्याची बाटली तिच्या हाताशी आहे का, गोळ्यांच्या डब्यातला आजचा कप्पा रिकामा झाला का, चादर कधी बदलली, सगळं बघून घेते. मग भाचीला विचारते, शेजारपाजारचं कुणी येऊन गेलं का. नसेल आलं, तर शेजारणीचा नंबर माझ्याकडे आहे.