नाडी आणि नोंद

वाग्भटाने रोगी तपासण्याचे तीन मार्ग सांगितले आहेत: दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. पाहावे, हात लावावा, विचारावे. या यादीत लेखन नाही. आजच्या डॉक्टरांना मात्र लेखनाचेच काम अधिक. अमेरिकेत ५७ डॉक्टरांचा दिवस घड्याळ लावून मोजण्यात आला. त्याचा अहवाल २०१६ साली प्रसिद्ध झाला. रोग्यासमोर घालवलेल्या प्रत्येक तासामागे संगणकातील नोंदी आणि टेबलावरची इतर कामे यांना जवळजवळ दोन तास लागत होते. त्याआधी, २०१२ साली, तिथल्याच एका वैद्यकीय नियतकालिकात सात वर्षांच्या एका मुलीने काढलेले चित्र छापून आले होते. ती तपासणीच्या टेबलावर बसली आहे, शेजारी घरची माणसे आहेत, आणि डॉक्टर त्यांच्याकडे पाठ करून संगणकावर लिहीत आहेत.

यावर हळहळत जुन्या फॅमिली डॉक्टरांच्या आठवणी काढणे सोपे आहे, आणि फराळाबरोबर त्या गोडही लागतात. पण त्या डॉक्टरांच्या डोक्यात जे सारे घर असे, ते त्यांच्याबरोबरच जाई. रात्री दोन वाजता एखादा बेशुद्ध माणूस इस्पितळात येतो. त्याच्या जुन्या केसपेपरवर 'पेनिसिलिन सोसत नाही' एवढी एक ओळ असली, तर त्याचा जीव वाचू शकतो. ती ओळ लिहिणाऱ्याने तेवढा वेळ मान खाली घातलीच असेल. त्याला निष्ठुर म्हणणे मला तरी जमत नाही.

खरी अडचण पुढे आहे. १९९५ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन केलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. २००२ च्या नियमांनी दाखल रोग्याचे कागद ३ वर्षे जपणे आणि त्याने मागितल्यास ७२ तासांत देणे डॉक्टरांवर बंधनकारक केले. रोग्याच्या दृष्टीने हे योग्यच झाले. पण केसपेपर आता पुढच्या डॉक्टरांखेरीज वकील वाचणार, विमा कंपनीचा कारकूनही वाचणार. 'लिहिले नाही ते केलेच नाही,' असे शिकाऊ डॉक्टरांना बजावले जाते ते यामुळेच.

समजा, एका बाईला झोप येत नाही. डॉक्टर गोळी लिहून देणार, इतक्यात तिचा मुलगा गेल्याचे बोलता बोलता निघते. डॉक्टर पेन खाली ठेवतात आणि दहा मिनिटे ऐकतात. कागदावर काय उरते? 'निद्रानाश. गोळी.' दुसरे डॉक्टर दोन मिनिटांत गोळी देऊन मोकळे होतात; त्यांच्या कागदावरही हेच. किंबहुना त्यांचा कागद अधिक भरगच्च असण्याचा संभव, कारण लिहायला त्यांच्याकडे आठ मिनिटे उरली! नोंदीवरून चांगुलपणा मोजू लागलो, तर पहिले डॉक्टर आळशी ठरतील. आणि काही वर्षांनी तेही पेन खाली ठेवणे सोडून देतील. त्यांना दोष कोण देणार?

आता संभाषण ऐकून टिपण लिहिणारी यंत्रे आली आहेत. ती येवोत बापडी. वाचलेली मिनिटे कुणाच्या नावावर जमा होतात, एवढे मात्र पाहायला हवे. सरकारी इस्पितळाबाहेरची रांग पाहिली, की ती पुढच्या रोग्याला द्यावीत असे वाटते. खाजगी इस्पितळाचे व्यवस्थापक त्यांत आणखी दोन रोगी बसवतील. रात्री घरी नोंदी पुऱ्या करणाऱ्या डॉक्टरांची मुलेही आपला हक्क सांगतील. मी ती आधी त्या बाईच्या नावावर मांडीन. कितीतरी रोगी खरे दुखणे उठता उठता, दाराशी गेल्यावर सांगतात. तेव्हा डॉक्टरांची मान वर असावी लागते.